छबूबाईचा चाकू

चाकणच्या कांदा मार्केटात छबूबाईला ओळखत नाही असा आडत्या शोधून सापडायचा नाही. लिलाव पुढं सरकला की व्यापाऱ्यांच्या आधी ही गोणीपाशी हजर. कमरेचा घडीचा चाकू काढायचा, सुतळी कापायची, कांदा मोकळा करून दाखवायचा. बावीस वर्षं हेच काम. जीभही तशीच धारदार, त्यामुळं तिच्या वाटेला सहसा कुणी जात नसे.

गेल्या आठवड्यात कापता कापता तोच चाकू मिटला आणि बोटावर बसला. चार टाके पडले. मुलगा ज्ञानेश कंपनीत क्वालिटीला आहे. तो म्हणाला, "बास झालं आई. हात थरथरतोय तुझा. घरी बस आता."

"हात न्हाई थरथरत. चाकूच बेइमान निघाला," छबूबाई म्हणाली. पण खरं सांगू का, आतून ती हादरली होती. चहाचा कप उचलतानासुद्धा चोरून स्वतःच्या हाताकडं बघायची. मार्केट सुटलं तर दिवसभर करायचं काय? सुनेच्या भाजीत खुसपटं काढायची?

शेवटी मायलेकांचं ठरलं. नवा चाकू घ्यायचा, दुकानातच चालवून बघायचा, आणि हात चुकला तर मार्केट बंद.

भिमाजीच्या हार्डवेअरच्या दुकानात ज्ञानेशनं लगेच एक चकचकीत चाकू उचलला. त्यात पाना, कात्री, चमचा, सगळंच. "मला काय पंगतीत वाढायला जायचंय व्हय?" छबूबाईनं तो परत ठेवला. दुसऱ्याचं पातं उघडून आडवं हलवलं, तर ते लटलट हललं. "नवं असून ही तऱ्हा, म्हातारपणी काय करंल?" तिसऱ्याची मूठ फारच गुळगुळीत. चौथा लाकडी मुठीचा, जाड पात्याचा. उघडला तसा पातं अडवून धरणारा खटका कट्‌ करून बसला. पात्याची पाठ तिनं फळीवर सगळा भार देऊन दाबली. चाकू मिटला नाही.

"मावशी, जुना बघू," भिमाजी म्हणाला. त्यानं तारेनं खटक्याची खाच कोरली, तर आतून लालपिवळा लगदा निघाला. "हे काय भरलंय?"

छबूबाईनं जीभ चावली. दर खंडेनवमीला चाकू पाटावर मांडून ओल्या हळदीकुंकवाची बोटं ती नेमकी खटक्यावर ओढायची. जिथं जोर, तिथं पूजा, असं तिचं म्हणणं. बावीस वर्षांचं हळदकुंकू तिथं थिजून बसलं होतं आणि त्याखाली गंज.

"म्हंजे, हात न्हाई ना चुकला?" तिनं हळूच विचारलं.

"हात कशाचा, मावशी! खटका बसतच नव्हता."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग आली तिरीमिरी. "आन् मी हप्ताभर या शहाण्याचं ऐकून सोताला म्हातारी समजत व्हते!" दारात सुतळीनं शिवलेली गोणी होती. भिमाजीला विचारून टाके पडलेलं बोट तिनं बाजूला धरलं आणि नवा चाकू चालवला. एका झटक्यात सुतळी खाली. हात जरासुद्धा हलला नाही.

ज्ञानेशनं खाली पडलेली सुतळी उचलून बघितली. कंपनीत मापाशिवाय एक नट पास न करणारा हा माणूस, आईचा हात मात्र त्यानं न बघताच बाद केला होता.

"चुकलो, आई," तो म्हणाला. "उद्या किती वाजता सोडू मार्केटला?"

"सहाला," छबूबाईनं चाकू मिटून कमरेला खोचला. "आन् तू उठला न्हाईस, तर मी चालत जाईन."