नऊ आकड्यांचा नंबर

चांदभाईची खुर्ची माझ्यामुळं गेली. आधीच सांगून टाकतो.

छप्पन साली मी पिंपरीच्या कारखान्यात खोकी ठोकायचो. शाळा चौथीतच सोडल्याली. चांदभाई महाळुंग्याचा, चाळिशीतला माणूस. खोक्यावर पत्र्याचा साचा धरून काळ्या रंगाचा ब्रश मारायचा, नंबर उठवायचा. दिवसभर वाकून कंबर गेल्याली, रंगाच्या वासानं खोकला लागल्याला. पण आकड्यांचं लई येड! उलटसुलट सारखाच नंबर आला की हाक मारायचा, "ज्योत्या, हे बघ. ४७१८८१७४. अकरानं भाग लाव, बाकी उरली तर माझं नाव बदल."

मग रंगाचे हात पुढं करायचा. पहिला आकडा डाव्या हातात, दुसरा उजव्यात, तिसरा परत डाव्यात.

"डाव्यात वीस, उजव्यात वीस. दोन्ही सारखे, म्हंजी अकरानं जातोय. हरेक आकड्याचा जोडीदार दुसऱ्या हातात पडतो बघ."

त्या साली खुर्चीवर बसून नंबर तपासायला माणूस पाहिजे व्हता. साहेब चांदभाईला घेणार, असं कानावर आलं. कारकून अर्जुनराव सगळ्यांदेखत म्हणाले, "ब्रशवाल्याला आकड्यांतलं काय कळतं?"

माझं डोकं फिरलं. "तुमच्यापेक्षा जास्त कळतं! उलटसुलट सारखा कुठला बी नंबर घाला, अकरानं जाणारच!"

दंगा ऐकून साहेब आले. अर्जुनरावांनी खडूनं खोक्यावर लिवलं: १२३४५४३२१. चांदभाई ब्रश ठेवून ओठ हलवत मोजायला लागला. मला कुठला दम?

"जातोय! चांदभाईनंच सांगितलंय, असले समदे जात्यात!"

अर्जुनरावांनी तिथंच भागून दाखवलं. बाकी एक.

आमच्या साच्याला आठच घरं. रोज आठच आकडे बघायचे, मोजतंय कोण? हे नऊ व्हते.

"काय पंडित," अर्जुनराव चांदभाईला म्हणाले, "हा एक कुठल्या हातात ठेवू?"

समदी हसली. साहेबांनी विचारलं, "तुम्ही असं सांगितलं होतं?"

चांदभाईनं माझ्याकडं बघितलं. मी हातोड्याकडं बघत राहिलो.

"व्हय साहेब," तो म्हणाला. "चुकलं माझं."

खोटं. त्यानं मला ईस येळा सांगितलं व्हतं, नंबरात आकडे मोजून सम भरले तरच. विषम असले की जोडीदार त्याच हातात पडतो, मग भरवसा न्हाई. एवढं एक वाक्य माझ्या तोंडातून निघंना. त्याच्यासाठी आधी दोघांची थोबाडं फोडल्याला मी.

सोमवारी खुर्चीवर दुसराच कामगार, रंगराव बसला. जेवणाच्या सुट्टीत मी म्हणालो, "चांदभाई, माझ्यामुळं..."

"गप. भाकर खा." मग त्यानं फुटक्या फळीवर ब्रशनं १११११ लिवलं, खाली परत १११११. "ह्याला त्यानंच गुण. तोच नंबर येतो. अर्जुनरावानं लई देखणा नंबर दिला राव!"

हसता हसता त्याला खोकला लागला. कंबर धरून तो परत साच्यावर वाकला.

साहेबांची खोली ईस पावलांवर व्हती. सुट्टी संपायला दहा मिनिटं व्हती. मी हातोडा उचलला आन् खिळे ठोकत बसलो.