प्रशासक गेले, त्या दिवशीची सभा

आमच्या तालुक्याच्या बँकेवर सरकारनं प्रशासक नेमला, तेव्हा वडील म्हणाले होते, "सहा महिन्यांत सगळं सुरळीत होईल." त्याला चार वर्षं झाली. वडील निवृत्त शिक्षक. निवृत्तीचा सगळा पैसा त्याच बँकेत, मोठी रक्कम काढायला बंदी, आणि इकडे आईचे दोन्ही गुडघे गेलेले. ऑपरेशन ठेवीपायी अडलं होतं. प्रशासक नगरहून गाडीनं यायचे, "प्रक्रिया चालू आहे" म्हणायचे आणि चहा पिऊन जायचे. ती प्रक्रिया कुठं चालली होती, देव जाणे.

शेवटी निवडणूक लागली. निवडणूक कसली, बिनविरोधच! जुन्या संचालकांच्या बायका, पुतणे, जावई. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! मी चिडले, तर वडील मलाच समजावू लागले, "अगं, आता आपली माणसं आली. ठेवी सुटतील."

पहिली सर्वसाधारण सभा मंगल कार्यालयात झाली. जाणाऱ्या प्रशासकांना शाल-श्रीफळ, नव्या मंडळाला फेटे, तास-दीड तास नुसते सत्कार. मागं जेवणाची भांडी वाजत होती. आमच्याकडे सभा म्हणजे जेवणाआधीची अडचण. मॅनेजर विषय वाचू लागला, की वाक्य संपायच्या आत सगळे ओरडतात, "मंजूर, मंजूर!" बँक बुडवणारी कर्जंसुद्धा अशीच मंजूर झाली होती.

"विषय सहावा. बँकेच्या हितासाठी मोठ्या ठेवींची मुदत आणखी तीन वर्षं..."

"मंजूर!"

पहिला आवाज वडिलांचा होता. तिसऱ्या रांगेत ताठ बसून त्यांनी हातही वर केला होता. त्यांच्यामागून सगळं सभागृह ओरडलं.

मी उठून ओरडले, "थांबा! पूर्ण वाचा आधी!" शेजारी पाथर्डीकडचे एक शेतकरी सभासद होते. ते वैतागून म्हणाले, "बसा की ताई. गुर्जीच मंजूर म्हनले, आता तुमचं काय हाय?" तोवर विषय सातवा सुरू झाला होता.

घरी येताना मी रागानं वडिलांच्या चार पावलं पुढं चालत होते. आई भिंतीला धरून दारापर्यंत आली.

"गेले का प्रशासक?"

"गेले," वडील म्हणाले आणि सभेत मिळालेला लाडवांचा पुडा त्यांनी तिच्या हातात दिला.

"बरं झालं बाई. मग डॉक्टरांना कधीची तारीख सांगू?"