चारूचे शेवटचे दोन वेढे

भूतखेत, नजर, अंगात येणं... यातलं काही मी जन्मात मानलं नाही. शेजारणीने दारावर लिंबू-मिरच्या टांगल्या, तर मी तिच्यादेखत त्या मिरच्या काढून भजी तळलेली आहेत. त्यामुळे पुढचं वाचून "म्हातारी चळली" असं कोणाला वाटलं तर खुशाल वाटू दे. माझ्या मुलालाही तेच वाटतं.

पहिलं चांद्रयान जायच्या आधी मी बडोद्यात मकरपुऱ्यातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये कामाला होते. यानात बसवायच्या वायरींचे जुडगे मेण लावलेल्या दोऱ्याने बांधायचे — बोटाबोटाच्या अंतरावर एकेक गाठ. मग ते जुडगे मशीनवर गदागदा हलवून बघायचे. बाकीच्यांच्या गाठी सरकायच्या, माझी नाही. कारण मी आईने शिकवलेली गजऱ्याची गाठ मारायचे, वर एक फास जास्तीचा. काय ती माझी मिजास! पन्नाशी उलटलेली बाई, आणि बसमध्ये अनोळखी बायकांना सांगायचे, "माझा गजरा चाललाय हं चंद्रावर!"

ही गाठ मी एकाच बाईला शिकवली. चारूबेन. निजामपुऱ्याची, माझ्याच टेबलावरची, रोज माझ्या डब्यातली थालीपिठं संपवणारी. तिची एकच खोड — शेवटच्या गाठीला दोन वेढे जास्त घालायची.

"अगं, चंद्रावर कोण ओढणार आहे?" मी ओरडायचे.

"मला भरोसा नाय वाटत, बेन," ती हसायची.

लेकीच्या बाळंतपणासाठी मी रजेवर गेले आणि नेमके तेव्हाच वरचे साहेब आले. न सरकणारी गाठ पाहून त्यांनी विचारलं, ही कोणाची? चारू म्हणाली, "मारी." माझी! तिला बंगलोरला इतर बायकांना शिकवायला पाठवलं, भिंतीवर तिचा फोटो लागला. मी परत आले ते थेट त्या फोटोसमोर.

त्याच दिवशी राजीनामा दिला, पर्समधलं दोऱ्याचं रीळ तिथल्याच कचऱ्यात फेकलं. आणि घरी येऊन महिनाभर वाट बघितली, की चारू रडत येईल, माफी मागेल. रोज दुपारी तिच्या वाटचं दूध चहात घालत होते, येडी कुठली! ती आली नाही. त्यानंतर आमचं बोलणं बंद ते बंदच.

आता ती संध्याकाळ. तिसरं चांद्रयान चंद्रावर अलगद उतरलं तीच... ऑगस्ट महिना, सहा नुकते वाजून गेलेले, बाहेर चांगला उजेड. तरसालीतला आमचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. मुलगा, सून, नात, मी — सगळे टीव्हीसमोर. यान उतरलं तशी नात सोफ्यावर नाचायला लागली.

"आजी, तुझी गाठ असेल ना गं तिकडे?"

"चारूची म्हण," मी म्हटलं.

म्हटलं मात्र, टीव्हीचा आवाज गेला. चित्र चालू, लोक टाळ्या वाजवतायत, पण आवाज नाही. मुलगा वायर बघायला मागे वाकला आणि तसाच थांबला.

"आई, हे तू कधी केलंस?"

टीव्हीमागे कायम वायरींचं जंजाळ असतं. सकाळीच झाडताना सुनेने त्याच्या नावाने बोटं मोडली होती. आणि आता? सगळ्या वायरी एका सरळ जुडग्यात, मेणाच्या पांढऱ्या दोऱ्याने बांधलेल्या. बोटाबोटाच्या अंतरावर. अकरा गाठी, अकराच्या अकरा माझ्या... आणि शेवटच्या गाठीला दोन वेढे जास्त.

"तूच बांधलंस आणि विसरलीस," मुलगा म्हणाला.

माझ्या बोटांना संधिवात. ब्लाउजचे हूक सून लावून देते. तसला दोरा घरात नाही. दिवसभरात दारात कोणी आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या डायरीतून नंबर काढून निजामपुऱ्याला फोन लावला. चारूच्या सुनेने उचलला. म्हणाली, मम्मींचा उजवा हात दोन वर्षांपासून लुळा आहे, पण बोलणं साफ आहे. तिने फोन चारूच्या कानाशी धरला.

खोटं कशाला सांगू, रात्रभरात माझा राग निम्मा उतरला होता. मला वाटलं, तोंडाने जमलं नाही म्हणून हिने माफी बांधून पाठवली... कशी, ते देव जाणे. म्हणून वायरींबद्दल मी अवाक्षरही काढलं नाही. एवढंच विचारलं, "चारू, आता तरी खरं सांग. ती गाठ कोणाची?"

ती म्हणाली, "मारीज हती, बेन. काले छेल्ला बे आंटा ना जोया?"

माझीच होती. काल शेवटचे दोन वेढे पाहिले नाहीस?

मी फोन ठेवला.

लुळ्या हाताने कोणी, कसं, कधी बांधलं — मला आजही सांगता येत नाही, आणि विचारायला मी पुन्हा फोन केलेला नाही. टीव्हीचा आवाज तेवढा दुसऱ्या दिवशी आपोआप आला. मुलगा गाठी कापायला निघाला होता, मी कात्री लपवून ठेवली. दुपारी घरात कोणी नसलं की मी टीव्हीमागे हात घालते आणि शेवटची गाठ जोर लावून ओढून बघते.

अजून तसूभर सरकलेली नाही. सरकेल कशी? माझी आहे ती.