गूळ कमी पडला

आमच्या आईला नवस बोलायची फार घाई. भाऊ अजून पुण्याच्या दवाखान्यात बंद खोलीत होता. माझ्या रक्तातून काढलेल्या स्टेम सेल्स त्याला नुकत्याच चढवल्या होत्या, त्याचा रक्ताचा कॅन्सर गेला असं कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं, आणि इकडे हिने गावच्या मारुतीला शब्द देऊन टाकला, की पोरगं पायांनी चालत घरी आलं तर त्याची गुळाची तुला करीन. देवाशी तरी जरा दमानं बोलत जा, असं मी म्हणाले, तर तिने दोन दिवस माझा फोन उचलला नाही.

तो चालत आला. काही आठवडे पुण्याला खोली करून राहिल्यावर एकदाची डॉक्टरांनी आष्टीला जायची परवानगी दिली. पाणी उकळून प्या, गर्दीत जाऊ नका, मास्क लावा आणि रोज सकाळी वजन करा, फरक पडला तर कळवा, असं त्यांनी बजावलं होतं. वजनकाटाही आम्ही तिथूनच घेतला.

आता आमच्या घरात वजनाची एकच दिशा चांगली मानतात. बाळंतीण असो, जावई असो की बैल असो, अंग धरलं म्हणजे सगळं ठीक. वजन कमी झालं तर कळवायचं, असाच आईने डॉक्टरांच्या बोलण्याचा अर्थ लावला, आणि खरं सांगायचं तर तिथे उभ्या असलेल्या आम्हां सगळ्यांनीच तो तसा लावला. मी बदनापूरला नोकरीला, त्यामुळे रोज फोनवर बोलणं व्हायचं.

"अंग धरून राह्यलं गं पोरगं," आई सांगायची. "आज बी काटा वर गेलाय."

"जेवतोय का?"

"दोन घास खातो. पर अंगाला बराबर लागून राह्यलं."

दोन घास खाऊन माणूस वाढतो कसा, हे मला विचारायला सुचलं नाही. मी इतकी खूश होते, की त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले.

तुलेला मी आष्टीला गेले. परतूरच्या एका आडत्याकडून आईने जुना लोखंडी तराजू आणवला होता. हल्ली सगळीकडे इलेक्ट्रॉनिक काटे, हा अडगळीत पडला होता. देवळापुढच्या लिंबाला तो टांगला. गर्दी करायची नाही म्हणून लोक ओट्याखाली लांब उभे होते. एका पारड्यात मांडी घालून भाऊ बसला, तोंडाला मास्क, अंगात नवा पांढरा सदरा. दुसऱ्या पारड्यात गुळाच्या ढेपा ठेवायला सुरुवात झाली. पुण्याहून निघताना जे वजन होतं, त्याहून थोडा जास्तच गूळ आणला होता.

सगळा गूळ संपला. भावाचं पारडं जमिनीवरून हललंसुद्धा नाही.

लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "लई भारी झालं की पोरगं!" आईने दोन्ही हात जोडले आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. चुलत्याला दुकानातून आणखी गूळ आणायला पिटाळलं. मीही हसतच होते. मग पारड्याची साखळी धरलेला त्याचा हात मला दिसला.

मनगट काडीसारखं होतं. मास्कच्या वर गालाची हाडं आली होती. सदरा मात्र पोटावर ताणून बसला होता, खालची दोन बटणं त्याने लावलीच नव्हती. मी जवळ गेले आणि खाली बसून त्याच्या नडगीवर बोट दाबलं. बोट काढलं तरी खड्डा तसाच राहिला.

"कधीपासून हाय हे?"

"झाले चार-पाच दिवस," तो हळूच म्हणाला. "उजव्या बरगडीखाली दुखतंय बी. आईला नको सांगू, अक्का. लई खूश हाय ती."

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. वजन किती वाढलं, ते सांगितलं. मग ते म्हणाले, आत्ता निघा.

मी त्याला उतरवायला गेले तर आईने माझा हात धरला. "अर्ध्या तुलेवरून उठवू नको गं. पारडं सारखं झाल्याबिगर उठवत न्हाईत."

"आग लागो तुझ्या पारड्याला!" मी देवळासमोर ओरडले.

"बसू दे, अक्का," भाऊ म्हणाला. "मी उठलो तर पुढं काय बी झालं की ही सोताला दोष देत बसंल. गूळ येतोच हाय."

गूळ येईपर्यंत तो तसाच बसून राहिला, आणि मी साखळी धरून उभी होते. पारडी सारखी झाली, आरती झाली, आणि आम्ही थेट गाडीत बसलो.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. कॅन्सर उलटला नव्हता, माझ्या पेशीही नीट रुजल्या होत्या. पण त्या चढवण्याआधी दिलेल्या जबर औषधांनी लिव्हरमधल्या अगदी बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्या होत्या आणि आता बंद पडत चालल्या होत्या. रक्ताला वाट मिळेना, म्हणून पोटात आणि पायांत पाणी साठत होतं. आम्ही जे वाढलेलं अंग म्हणत होतो ते हे पाणी. सहसा हे पेशी चढवल्यावर दोन-तीन आठवड्यांतच होतं, इतक्या उशिरा क्वचित होतं, असंही ते म्हणाले. भावाचं मोटारी आणि ठिबक दुरुस्तीचं दुकान होतं. तो म्हणाला, "म्हंजी नळ्या चोकअप झाल्या. मंग ॲसिड सोडा की." डॉक्टर हसले. औषध होतं, ते सुरू केलं.

आई मग रोज उलटं विचारायची, "आज किती उतरलं?" उतरत नव्हतं. डोळे पिवळे झाले, नंतर लघवी कमी झाली. दोन आठवड्यांत तो गेला. आधी आणलं असतं तर, असं मी विचारलं. सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्या उत्तराचा मला अजून राग येतो.

तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी आष्टीत शेजारची काकू आमच्यासाठी चहा घेऊन आली. घरात चूल पेटत नव्हती. आईने कप तोंडाला लावला आणि थांबली. चहा गुळाचा होता.

"मारुतीपुढचा हाय का?" आईने विचारलं.

काकूचा चेहरा उतरला. तुलेचा गूळ प्रसाद म्हणून घरोघर वाटला होता, तिच्याही डब्यात होता. "माझ्या ध्यानातच न्हाई आलं, बाई," ती म्हणाली आणि कप परत घ्यायला पुढे वाकली.

आईने तो दिला नाही. दोन्ही हातांनी धरून, थेंब न ठेवता, तिने तो सगळा पिऊन टाकला.