दोन सूत लोखंड

धक्क्यावर तिला सगळे फिटरमावशी म्हणत. सख्खा भाचा एकच, पण तिच्याहून वयाने मोठे नावाडीही तिला मावशीच करून बसले होते. त्याला तिची ना नव्हती. फक्त भाच्याखेरीज कुणी नुसतं मावशी म्हटलेलं खपत नसे. फिटर आधी, मावशी नंतर.

घराच्या पुढच्या खोलीत नवऱ्याचं शिवणयंत्र आणि कापड बेतायचं टेबल. मागे पत्र्याच्या शेडमध्ये तिचा लेथ, लोखंड कातायचं यंत्र. मधल्या खोलीत दोघं जेवत, झोपत आणि भांडत. एका बाबतीत मात्र दोघांचं कधीच वाजलं नाही: ‘चालेल’ या शब्दाला घरात थारा नव्हता.

भाचा नेमका तोच शब्द घेऊन आला.

"मावशी, काहीतरी ठोकून दे. महिनाभर चालेल असं."

"बस आधी. काय फोडून आलास?"

त्याच्या होडीचं इंजिन गळत होतं. ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या लोखंडी धडाच्या, तळाशी ते गार ठेवणारं खारं पाणी काढून टाकायला एक भोक असतं आणि ते बंद करायला आट्यांचा प्लग. प्लगचे आटे गेले होते, भोकाचेही गेले होते. पलीकडच्या कारखान्यातल्या मिस्त्रीने बघून मान हलवली होती. ब्लॉक भंगारात घाला, म्हणाला होता. आणि नवं इंजिन घ्यायचं तर भाच्याला आधी होडी विकावी लागली असती.

ती होडीत उतरली, इंजिन आणि लाकडी फळी यांच्यामधल्या बोळकांडीत आडवी झाली आणि आरसा धरून बघितलं. प्लगचे कोपरे झिजून गोल झाले होते.

"पान्याला पाइप जोडून, जोर लावून आवळलास?"

भाचा नखं बघू लागला. "थेंब थेंब येत होतं गं."

"आता धार येते. झालं समाधान?"

तिने प्लग काढून करंगळी भोकात घातली आणि डोळे मिटले. भोक आधीच कोणीतरी एकदा मोठं केलं होतं. त्याच्या भोवती आता जेमतेम दोन सूत, म्हणजे पाव इंच, लोखंड उरलं होतं. आणखी एकदा, थोडंसं, कापता आलं असतं. एकदाच. हत्यार तिरकं गेलं तर ब्लॉकला तडा, आणि मिस्त्रीचं म्हणणं खरं. चाळीस वर्षांत तिच्या हाताखालून एकही ब्लॉक भंगारात गेला नव्हता. हे ती कुणाला सांगत नसे, पण रोज सकाळी शेडचं दार उघडताना तिला ते आठवत असे.

रात्री जेवताना नवरा म्हणाला, "काज फाटलं म्हणून कोणी मोठं बटण लावतं का? काजच पुन्हा विणायचं."

हे तिला दुपारीच सुचलं होतं. तरी ती म्हणाली, "अहो, काय डोकं चालतं तुमचं!" संसारातही अधूनमधून तेल घालावं लागतं.

दुसऱ्या दिवशी तिने न गंजणाऱ्या स्टीलचं बोटाच्या पेराएवढं बूश केलं. बाहेरून आटे, आतूनही आटे. ब्लॉकचं भोक थोडं मोठं करून त्यात हे बसवायचं, की आतल्या आट्यांत मूळ मापाचा नवा प्लग जाणार. पहिलं बूश केसभर सैल झालं. तिने ते भंगाराच्या डब्यात टाकलं आणि दुसरं करायला घेतलं.

लेथवरचं काम तिला अवघड नव्हतं. अवघड होती ती बोळकांडी. लहानपणी बापाने तिला कारखान्यात घेतलं ते तिचा हात बारीक म्हणून. जिथे मोठ्यांचा पंजा अडकायचा तिथे तिचा हात सुळकन जाई. आता बोटांचे सांधे सुजले होते. हात जात होता, पण आत गेल्यावर त्याला जागेची ओळख पटत नव्हती.

म्हणून तिने होडीतल्या जागेची सुतळीने मापं घेतली आणि नवऱ्याच्या टेबलाखाली तशीच बोळकांडी उभी केली: एका बाजूला शेडमधला, दुसऱ्या कुणी टाकून दिलेला भंगार ब्लॉक, दुसऱ्या बाजूला फळ्या. मग आत सरकली. कपडे टाकायला आलेल्या गिऱ्हाइकाला टेबलाखालून दोन पाय दिसले.

"वहिनी खाली काय करतायत?"

"माप घेतायत," नवरा गंभीरपणे म्हणाला.

भाचा दारात टेकून हसत होता. "नाटकाची तालीम का, मावशी?"

"हो. प्रयोग एकच आहे."

पहिल्या तालमीत टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, तिरका गेला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तिला कारण सापडलं. कोपर फळीला टेकत होतं आणि हात दमला की हत्यार खाली ओढलं जात होतं. तिने खांद्याखाली दुमडलेली गोधडी घेतली. त्यानंतर पाच भोकं सरळ उतरली. सहावं तिने डोळे मिटून पाडलं.

मग ती होडीत गेली.

भोक मोठं करून झालं. तिने टॅपला ग्रीस चोपडलं, म्हणजे लोखंडाचा कीस आत न सांडता त्याला चिकटावा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. सातव्या फेऱ्याला लोखंड कुरकुरलं. अंगातला सगळा जोर तिच्या मनगटाशी येऊन थांबला होता. तिने तो तिथेच थांबवला. टॅप उलटा फिरवून बाहेर काढला, पुसला, बोटाने भोक चाचपलं. गंजाचा एक दाणा होता. तो काढला आणि पुन्हा आत. या वेळी लोखंडाने तक्रार केली नाही.

बाहेरच्या आट्यांना चिकटद्रव्य लावून बूश बसवलं आणि दिवसभर कुणाला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी नवा प्लग तिने भाच्याच्या हातात दिला. "बोटांनी लाव. पाना नको."

प्लग गुळगुळीत आत गेला. भाचा चकित होऊन स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला. शेवटी पान्याने एक हलका ताण, बस्स. गळलं तर ओला डाग उमटावा म्हणून तिने भोवती शिंप्याचा खडू घासला, इंजिनात पाणी भरलं आणि ते तासभर चालू ठेवलं. खडू पांढरा तो पांढराच राहिला.

बढाई मारणाऱ्यांचा तिला जन्मभर तिटकारा. पण त्या दिवशी धक्क्यावरून जो जाईल त्याला ती म्हणाली, "ये, बघून जा." नावाडी एकेक करून पालथे झाले, बघितलं, उठले. मिस्त्रीही आला. बराच वेळ खाली राहिला, मग धूळ झटकत म्हणाला, "मी भंगार म्हटलं होतं."

"ऐकलं होतं," ती म्हणाली.

शेवटी नवरा आला. होडीत पाय ठेवला की त्याला मळमळे, त्यामुळे तो कधी धक्क्याच्या पुढे आला नव्हता. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून तो तेलकट फळ्यांवर आडवा झाला, चष्मा सारखा केला आणि तिचं काम कडेकडेने तपासलं. उठला तेव्हा सदऱ्याची पार वाट लागली होती.

"टाका दिसत नाही," तो म्हणाला.

तिने वळून हत्यारं पुसायला घेतली. आधीच पुसलेली होती. तरी तिने ती एकेक करून पुन्हा पुसली.