फोटोपुरता टॅब

मुख्याध्यापकांनी माझ्या पोरीला फसवलं. तिला टॅब दिला असं दाखवलं आणि दिला नाही. आणि तो मिळाला, असं साऱ्या पालकांसमोर लिहून देणारा माणूस मी होतो.

मी शेळ्यांचा व्यापारी आहे. वडील दुसऱ्यांच्या मेंढ्या वळायचे. मी दोन पाठींवर, म्हणजे दोन तरण्या शेळ्यांवर, धंदा सुरू केला, आणि आता हिंगोलीच्या बाजारात माझ्याशी भाव करायचा तर लोक आधी चहा पिऊन येतात. आमच्यात एक रीत आहे. सौदा तुटला, म्हणजे भाव पक्का ठरला, की विकणारा जनावराच्या गळ्यातलं स्वतःचं दावं सोडून घेतो आणि घेणारा आपलं दावं घालतो. माझं दावं गळ्यात पडेपर्यंत मी ‘घेतलं’ हा शब्द तोंडातून काढत नाही. बकरं हातात देऊन, गोड बोलून, दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळणारे मी पुष्कळ पाहिलेत.

पोरगी पाचवीत आहे. तिच्या वर्गाच्या मॅडम तरुण आहेत, रोज बसनं येतात. त्यांनी वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला तेव्हा मी कुरकुरलो होतो. आधीच दलालांचे, गावकीचे, पाहुण्यांचे ग्रुप कमी नव्हते. पण मॅडमचं काम चोख होतं. निवासी शाळेची प्रवेश परीक्षा द्यायची अशी पोरीची इच्छा. तिच्यासाठी आणि आणखी नऊ लेकरांसाठी मॅडम रोज गणिताचा एक व्हिडिओ टाकायच्या. पोरीनं वहीचा फोटो पाठवला की चुकलेल्या जागी लाल गोल करून परत पाठवायच्या. माझ्या वडिलांना शाळेचा रस्ता फक्त मेंढ्या नेण्यापुरता माहीत होता. मी बाजारात उभा राहून पोरीचं कुठलं गणित चुकलं ते पाहत होतो. हे मला आवडायचं, हे मी कबूल करतो.

अडचण एकच. घरात फोन एक, आणि तो माझ्याबरोबर बाजारात. व्हिडिओ यायचा दुपारी, मी घरी यायचो दिवेलागणीला, तेव्हा फोन मरायला टेकलेला. त्यात दलालांचे फोन. पोरगी कालचा धडा आज पाहायची आणि आजचा उद्या.

एकदा बोकडाचा सौदा अगदी तुटायला आला होता. मी फोनवर बोट ठेवलं आणि मॅडमचा आवाज मोठ्यानं सुरू झाला, “तीन छेद चार म्हणजे काय, सांगा बरं?” समोरचा म्हातारा व्यापारी दात काढून म्हणाला, “शेठ, मी सबंध बोकड ईकून राहिलो. तुमाला पाऊणच पायजे व्हय?” भोवतीचे सगळे हसले. मीही हसलो. बोकड मात्र मी सांगितलेल्या किमतीलाच घेतला.

मग शाळेत टॅब आले. दहा. प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या दहा लेकरांसाठी. त्या दिवशी मी हिंगोलीत होतो. मुख्याध्यापकांनी पालकांच्या मोठ्या ग्रुपवर फोटो टाकला. खुर्च्यांवर पाहुणे, मागं फळा, आणि पुढं रांगेत दहा लेकरं. डावीकडून तिसरी माझी. तेल लावलेल्या दोन वेण्या, दोन्ही हातांनी टॅब छातीशी धरलेला. खाली लिहिलं होतं, ‘विद्यार्थ्यांना घरी अभ्यासासाठी टॅब वाटप.’

मी तिथंच उभ्या उभ्या लिहिलं, ‘मुलीला टॅब मिळाला. गुरुजींचे मनापासून आभार.’ माझं पाहून बाकीच्यांनीही लिहिलं. मी तो फोटो शेजारच्या चार जणांना दाखवला. नंतर स्टेशनकडच्या एका दुकानात जाऊन टॅबसाठी पिशवी घेतली, निळी, चेन असलेली. दुकानदाराशी बराच वेळ भाव केला.

घरी आलो आणि पिशवी पोरीपुढं ठेवली.

“कशाला आणली, आबा?”

“टॅब ठेवायला. कुठंय?”

“शाळेत. सरांनी फोटो काढले अन् परत घेतले.”

“परत कधी देणार?”

“त्ये न्हाई सांगितलं. आदी म्हणले, हसा. मंग म्हणले, ठेवा टेबलावर.”

तो सुरू कसा करतात हेही तिला बघायला मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. माणूस बोलायला मऊ आहे.

“दादा, टॅब कुठं पळून गेलेत का? कपाटात आहेत. लेकरांच्या हातून फुटले तर जबाबदार कोण?”

“मग घरी अभ्यासासाठी, असं काहून लिहिलं?”

“वरून तसंच आलं होतं. वाटपाचा फोटो त्याच दिवशी पाठवावा लागतो. आमच्याही तकलीफी समजून घ्या.”

“पाठवला ना? आता टॅब द्या.”

“पण तुम्हीच तर लिहून दिलंय.” त्यांनी आपला फोन माझ्यापुढं धरला. माझाच मेसेज होता, माझ्या नावासकट. “हाही पाठवलाय वर. पालकांची पोच म्हणून.”

माझा आवाज चढला की लवकर खाली येत नाही. मी कपाटावर हात आपटला. आतलं काहीतरी हाललं, म्हणजे टॅब खरंच आत असावेत. दारात मॅडम उभ्या होत्या. त्या खाली पाहत राहिल्या. त्यांना रोज तिथंच यायचं असतं. मी ओरडायला नको होतं. त्या दिवसापासून मुख्याध्यापक गावात सांगतात की टॅबचं काही नाही, तो माणूसच भांडखोर आहे.

बाहेर येऊन मी आधी माझा मेसेज पुसायला गेलो. वेळ निघून गेली होती. आता तो फक्त माझ्या फोनवरून पुसला जात होता. मग मी पालकांच्या त्याच मोठ्या ग्रुपवर लिहिलं, ‘फोटोतले दहा टॅब दहा लेकरांच्या घरी का नाहीत?’ बाकीच्या नऊ घरांतून मला फोन आले. बराबर बोलला, म्हणाले. मी म्हटलं, तेच ग्रुपवर लिहा. ग्रुपवर एकानं जोडलेले हात टाकले, एकानं सुप्रभात. संध्याकाळपर्यंत ग्रुपची व्यवस्था बदलली. आता तिथं फक्त अॅडमिन लिहू शकतात, आणि अॅडमिन मुख्याध्यापक आहेत. शाळेचे कार्यक्रम, फोटो, सूचना सगळं येतं. पालकांनी वाचायचं.

आता बाजाराच्या दिवशी फोन घरी ठेवतो. धंद्याला ते सोसत नाही. परवा हट्टा गावाकडच्या एका माणसानं फोन लावला, पोरीनं घेतला आणि सांगितलं, “आबा न्हाईत, माझा तास चालू हाय.” त्यानं शेळ्या दुसऱ्याला दिल्या. निळ्या पिशवीत ती पेन्सिली ठेवते.

गेल्या आठवड्यात गणित करता करता तिनं मान वर न करता विचारलं, “आबा, टॅब आला न्हवता, तर आला म्हणून तुमी काहून लिहिलं?”

मी सांगितलं, फोटो पाहून भुललो, चुकलो. दावं न घालता ‘घेतलं’ म्हणालो. तिला ते समजलं, कारण ती शेळ्यांत वाढली आहे.

माझं उत्तर मी दिलं. मुख्याध्यापकांनी त्यांचं द्यावं. परीक्षा अजून व्हायची आहे आणि कपाटाची किल्ली त्यांच्याकडं आहे. मला खोलीत बोलावून, पाणी पाजून दिलेलं उत्तर नको. ज्या ग्रुपवर फोटो टाकला, त्याच ग्रुपवर, त्याच फोटोखाली त्यांनी लिहावं: टॅब कोणाला दिले, आणि दिले नसतील तर माझ्या पोरीला हसायला का सांगितलं?