बेलसाठी चोवीस व्होल्ट

ट्रान्सफॉर्मर मी एकतीस वर्षं शिकवला, पण विकत कधी घेतला नव्हता. ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र माझ्याकडं होतं. फळ्यावर डावीकडं जास्त वेढे काढायचे, उजवीकडं कमी, मधे लोखंडाचा गाभा. पोरं पेंगायची, मी रेटत राहायची. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, चला, सुटलो दोघंही, मी आणि ट्रान्सफॉर्मर.

मुकुंदवाडीत माझं घर आहे. मी वरच्या मजल्यावर एकटी राहते. खालचं भाडेकरू जोडपं दिवसभर कामावर असतं, म्हणून फाटकाला कुलूप. मागच्या उन्हाळ्यात भर दुपारी बेल वाजली. फाटकाशी कोण आहे ते गॅलरीतून दिसत नाही, म्हणून उतरायला लागले आणि शेवटच्या तीन पायऱ्या एकदमच उतरले. मनगट मोडलं. फाटकाबाहेर पाण्याचा फिल्टर विकणारा उभा होता. मी गजांतून किल्ली दिली, त्यानंच कुलूप काढलं, बिचाऱ्यानं रिक्षाही बोलावली. रिक्षात बसवल्यावर मात्र फिल्टरचा कागद माझ्या मांडीवर ठेवायला विसरला नाही.

पुण्याहून लेक धावत आली. प्लॅस्टर बघून रडली आणि रडून झाल्यावर हुकूम सोडला, “आई, आता बास. माझ्याकडं चल.” मी म्हटलं, मेले तरी येणार नाही. तिथं बाराव्या मजल्यावर बसून मी काय कबुतरं मोजू? चार दिवस आम्ही दोघी भांडलो. शेवटी जावयानं तोड काढली. कामानिमित्त तो अमेरिकेला गेला होता, तिथून त्यानं कॅमेऱ्याची बेल आणली. कोण आलंय ते फोनवर दिसतं, वरूनच बोलता येतं, उतरायचं कामच नाही. लेकीनं अट घातली, “दिवाळीपर्यंत बेल चालू झाली तर तू इथं राहा. नाही झाली तर मी गाडी घेऊन येते.” माझं घर त्या बेलला असं टांगलं गेलं.

आमचा इलेक्ट्रिशियन गंगापूरकडचा. माणूस गुणी, पण दमाचा नाही. पेटी उघडायच्या आधीच म्हणाला, “मॅडम, जुन्या बेलच्या वायरीवरच ठोकतो की. लई सोपं काम.” मी त्याच्या हातातून बेल हिसकावलीच. आपल्याकडची टिंगटाँग सरळ घरच्या दोनशे तीस व्होल्टवर चालते. ही अमेरिकन बया पेटीवर लिहून आली होती: सोळा ते चोवीस व्होल्ट, एसी. जुन्या वायरीवर ठोकली असती तर पहिल्याच दाबाला धूर निघाला असता आणि मागोमाग माझी रवानगी पुण्याला.

“मग सेट टॉप बॉक्सचा अडाप्टर लावू,” तो म्हणाला, “घरी पडलेलाच हाय.” अडाप्टर डीसी देतो, एकाच दिशेनं वाहणारी वीज; बेलला एसी लागतं, सारखी दिशा बदलणारी, मी सांगितलं. “वीज ती वीजच ना, मॅडम?” झालं. मी जिन्यातच पंधरा मिनिटं तास घेतला. तो “व्हय, व्हय” करत राहिला आणि शेवटी त्यानं विचारलं, चहा टाकताय का.

पैठण गेटजवळच्या एका गल्लीत सुट्या भागांचं अरुंद दुकान आहे. दुकानदार म्हातारे, चष्मा कपाळावर. मी ऐटीत सांगितलं, “बारा-झिरो-बारा द्या.” या ट्रान्सफॉर्मरच्या बाहेर तीन तारा येतात. मधली सोडून कडेच्या दोन घेतल्या की बारा अधिक बारा चोवीस. पेटीवर चोवीस, माझ्या हातात चोवीस. आणखी काय पाहिजे?

ते म्हणाले, “नक्को मॅडम. नौ-झीरो-नौ ले जाओ, दो अँपिअर का.”

“ते अठराच होतात. इथं चोवीसपर्यंत लिहिलंय.”

“लिखा तो सब है. आप के घर में कितना आता, वो नापे क्या?”

मला राग आला, खोटं का सांगू? एकतीस वर्षं जे मी शिकवलं ते मला दुकानात उभं राहून शिकायचं होतं का? मी बारा-झिरो-बाराच घेतला आणि तोऱ्यात बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन बेल जोडायलाच निघाला होता. सवयीनं म्हटलं, थांब, आधी मोजू. घरचा व्होल्ट मोजायचा मीटर आणला. भिंतीतल्या सॉकेटला दोनशे शेहेचाळीस. ट्रान्सफॉर्मरच्या कडेच्या दोन तारांना मीटर लावला, अठ्ठावीस. मी पुन्हा लावला. पुन्हा अठ्ठावीस.

“मॅडम,” तो अगदी हळू म्हणाला, “पेटीवर चोवीस हाय ना?”

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेला आकडा पूर्ण भार असतानाचा, म्हणजे त्याच्यावर काहीतरी जोमात चालू असतानाचा असतो. भार नसला की व्होल्ट चढतात. त्यात भिंतीतूनच जास्त येत असतील तर आणखी चढतात. हे मला माहीत नव्हतं का? होतं की. पण माझ्या प्रत्येक गणिताची सुरुवातच “ट्रान्सफॉर्मर परिपूर्ण आहे असे समजा” अशी. दोनशे तीस तर मी कधी तपासलेच नव्हते, ते पुस्तकात छापलेले असायचे.

मग मात्र मला चेव आला. तीन दिवस मी वही घेऊन सॉकेटपाशी बसले. पहाटे दोनशे अठ्ठेचाळीस. दुपारी थोडे कमी. संध्याकाळी सगळ्या घरांचे दिवे लागले, कुणाची इस्त्री, कुणाची मोटर, की दोनशे आठ. दूधवाल्या मावशी आल्या तेव्हाही मी मीटर धरूनच बसले होते. त्यांनी विचारलं, घराला ताप आलाय का? इतकी वर्षं मी याच विजेवर भात शिजवला आणि ती दिवसभर अशी वरखाली होते हे मला ठाऊक नव्हतं. फार मजा आली मला. पोरांना मी हे का नाही करायला लावलं, याची चुटपुटही लागली.

वही घेऊन पुन्हा दुकानात गेले. म्हाताऱ्यांनी “मी म्हटलं नव्हतं का” असं एका शब्दानं दाखवलं नाही. बारा-झिरो-बारा परत घेतला, नऊ-झिरो-नऊ समोर ठेवला. मी विचारलं, दोन अँपिअर कशाला, अर्ध्यात भागेल की.

“छोटा लगाए तो अंधेरे में कॅमेरे की बत्ती जली, ऊपर से घंटी बजी, के बैठ गया.”

मी बिलाच्या पाठीवर मांडलं. अठरा गुणिले दोन, छत्तीस. बेलला कमीत कमी दहा व्होल्ट-अँपिअर लागत होते, जास्तीत जास्त चाळीस चालत होते. संध्याकाळी व्होल्ट पडले तरी सोळाच्या खाली जाणार नाही, पहाटे चढले तरी चोवीसच्या आत. सगळं चोख बसत होतं. त्यांनी माझा कागद कौतुकानं पाहिला आणि म्हणाले, “मैं तो हाथ में वजन देख के देता, मॅडम.” मी तो ट्रान्सफॉर्मर तळहातावर तोलून पाहिला. पावशेर लोण्यापेक्षा बराच जड होता.

दिवाळीला तीन आठवडे असताना बेल लागली. मधल्या तारेला टेप गुंडाळली, ट्रान्सफॉर्मर विजेच्या मीटरशेजारी डबीत बसवला, फाटकापर्यंत नवी वायर ओढली. इलेक्ट्रिशियननं खालून बटण दाबलं. माझा फोन वाजला आणि तिकडं पुण्यात लेकीचाही. मी जिंकले होते. त्या दिवशी मी शिरा केला, त्यालाही खाऊ घातला.

आठ दिवसांनी लेकीचा फोन आला. आवाज रडवेला. “आई, कोण कोण आलं त्याची नोंद येते माझ्याकडं. आठ दिवसांत तीनदा बेल वाजली. दोन कुरिअरवाले आणि एक पत्ता चुकलेला. तू तिथं कुणासाठी राहतेस गं?”

मी आठ दिवसांत आलेली माणसं बोटांवर मोजली. मग लक्षात आलं. आमच्या गल्लीत बेल परक्यानं वाजवायची. आपलं माणूस रस्त्यावरूनच “ओ मॅडम” अशी हाक मारतं, मी गॅलरीतून दोरीला बांधून किल्ली सोडते. दूधवाल्या मावशी, भाजीवाला, शेजारीण, तिच्या सासूबाई, सगळे तसेच येतात. हे मी लेकीला सांगितलं, तर तिला वाटलं मी रचून सांगतेय. म्हणाली, “दिवाळीत बोलू.” आता माझं धाबं दणाणलं.

दुसऱ्या दिवशी मी गल्लीभर फिरले. एक दिवस, फक्त एक दिवस, बेल वाजवा म्हणाले. शेजारीण फुगून बसली. “बेल वाजवायला आम्ही काय पाहुणे आहोत का?” तिची समजूत घालता घालता माझा घसा सुकला. पण रविवारी सगळ्यांनी वाजवली. मावशींनी तर कॅमेऱ्यात तोंड घालून लेकीचं नाव घेतलं आणि बारशाला कधी बोलावतेस असं विचारलं.

संध्याकाळी लेकीचा फोन. मी शिव्या खायच्या तयारीनंच उचलला.

“एकोणीस वेळा वाजली आई आज. मी सगळे बघितले. राहा तू तिथंच.”

मी खुशीत हसले. ती हसली नाही.

“माझ्या दाराला असा कॅमेरा लावला तर काय दिसेल गं? हे महिन्यातले वीस दिवस बाहेर. सहा वर्षं झाली, समोरच्या फ्लॅटात कोण राहतं ते मला माहीत नाही. मला वाटायचं, तू आलीस म्हणजे...”

इतके महिने मी तिच्या घरी न जाण्यासाठी भांडत होते. ती मला का बोलावतेय, हे एकदाही विचारलं नव्हतं.

“शनिवारी घरी आहेस का?” मी विचारलं.

“आहे,” ती म्हणाली, आणि नंतर कितीतरी वेळ फोन ठेवला नाही.